नकाशातलं खरं साल

नगर रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या फाटकावर निळ्या गणवेशात उभ्या असलेल्या नागोरावला कुणी पेंटर म्हणत नसे. तिथे तो 'सिक्युरिटी' होता. गाड्यांचे नंबर वहीत उतरवायचे, गळ्यातली ओळखपत्रं बघायची, दांडा वर करायचा, दांडा खाली करायचा. वही मात्र बघण्यासारखी असे. सुपरवायझर एकदा ती चाळून म्हणाला होता, "अहो, गाड्यांचे नंबर लिहिताय की लग्नपत्रिका?"

परभणीकडून तो पुण्यात आला तो अठ्ठ्याऐंशी साली. खडकी बाजारात एका पेंटरच्या हाताखाली राहिला आणि दोन-तीन वर्षांत लोक उस्तादाला सोडून त्यालाच बोलवायला लागले. खडकीपासून विश्रांतवाडीपर्यंतच्या कितीतरी पाट्या त्याच्या हातच्या होत्या. पिठाच्या गिरण्या, दवाखाने, केशकर्तनालयं, मंडळांचे कापडी फलक. खडू लावलेला दोरा ताणून तो भिंतीवर एकदाच टिचकी मारायचा आणि त्या रेघेवर अक्षरं अशी बसवायचा की 'ळ' आणि 'ण' लांबूनही वेगळे ओळखू यावेत. मग फ्लेक्स आले. तासाभरात, पुढाऱ्याच्या फोटोसकट, रंगीत. दोन वर्षं त्याने तग धरला आणि मग ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, पत्र्याच्या डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला.

येरवड्याच्या तुरुंगामागे नाल्याच्या कडेने खंडेरायनगर नावाची वस्ती होती. एकशे चौतीस घरं. बहुतेक सगळी परभणी, हिंगोली, नांदेडकडची. नागोराव आणि त्याची बायको तुळजाबाई तिथल्या अगदी पहिल्या घरांपैकी. वस्तीत त्याला अजून पेंटरच म्हणत.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर वस्तीत तनया आली. सदाशिव पेठेत वाढलेली, इंग्लंडला शिकून आलेली, पस्तिशीची बाई. पायात कोल्हापुरी, खांद्याला झोळी आणि झोळीत टेपरेकॉर्डर. एका संस्थेतर्फे तिला वस्तीत चित्राचं काम करायचं होतं. समाजमंदिरात तिने सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाली, "चित्र मी काढणार नाहीये. तुम्ही काढायचंय. आपण सगळ्यांनी मिळून. मी फक्त सोबत असेन."

वस्तीचा पुढारी पोपट मागे भिंतीला टेकून बसला होता. तो शेजारच्याला म्हणाला, "मग हिला पगार कशाचा?"

पण बाई चिवट निघाली. रोज यायची. नळावर उभी राहायची, कुणाच्याही ओट्यावर बसून चहा प्यायची, पोरांची नावं पाठ करायची. हळूहळू तिने काय करायचं ते लोकांच्या गळी उतरवलं. तीस फूट लांब मांजरपाटाच्या कापडावर अख्ख्या वस्तीचा नकाशा काढायचा. सरकारच्या नकाशात ही जागा म्हणजे नुसता नाल्याकडेचा मोकळा पट्टा होता. आपल्या नकाशात प्रत्येक घर असेल. घरात कोण राहतं, कुठल्या गावाहून आलं आणि कोणत्या साली आलं, ते घरावर लिहायचं. शेजारी त्या घरच्या माणसाने लाल रंगात अंगठा उठवायचा.

"लिहिणार कोण?" कुणीतरी विचारलं.

"पेंटर हाय की," दोघा-तिघांनी एकदम सांगितलं.

त्या दिवशी नागोरावने माळ्यावरचा डबा काढला. तुळजाबाई बघत होती. ब्रशांचे केस ताठ झाले होते. ते कोमट पाण्यात सोडवत तो बराच वेळ बसला, आणि जेवायला बोलावलं तरी उठला नाही.

चार महिने काम चाललं. कंपनीतली पाळी संपली की नागोराव थेट समाजमंदिरात जायचा. पोरं नाला रंगवायची, बाया घरांच्या कडा टाक्यांनी शिवायच्या आणि नागोराव गुडघ्यांवर बसून अक्षरं काढायचा. तनया त्याला 'काका' म्हणायची. एकदा ती त्याच्याशेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काका, मी इतकी वर्षं कॉलेजात शिकले, मला असं एक अक्षर काढता येत नाही. हे चित्र जितकं माझं आहे तितकंच तुमचं आहे. जास्तच." नागोरावने ब्रश रंगात बुडवून पुढचं अक्षर घेतलं. पण ते वाक्य त्याने घरी जाऊन तुळजाबाईला जसंच्या तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं.

अडचण आली ती सालांची.

वस्तीत सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती आणि ती कुणी बोलत नसे. पुढेमागे इथे पक्की घरं झालीच, तर पंच्याण्णवच्या आधी आलेल्यांनाच ती मिळणार होती. म्हणून पोपटने कुठून कुठून कागद जमवून नंतर आलेल्यांनाही चौऱ्याण्णवचे करून ठेवलं होतं. कुणाचं रेशनकार्ड, कुणाची पावती. आता तनया म्हणत होती, साल खरं लिहा. "सरकारी कागदांत काय असेल ते असू दे. पण निदान आपल्या चित्रात तरी आपला इतिहास आपल्याला खरा सांगता आला पाहिजे ना?"

लोक टाळाटाळ करायला लागले. तेव्हा घरोघर जाऊन विचारायचं काम नागोरावने आपण होऊन अंगावर घेतलं. त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता. कुणाकुणाच्या पोरांच्या बारशाला त्याने पाळण्यावर नावं रंगवून दिली होती.

वेणूबाई त्याच्या शेजारच्या गावची. नवऱ्याबरोबर नव्व्याण्णवला आली होती. पुढच्याच वर्षी नवरा बांधकामावरून पडून गेला, तेव्हापासून एका मुलीला घेऊन एकटी राहत होती. विमाननगरच्या फ्लॅटांमधून कंपनीतल्या पोरापोरींच्या पोळ्या करायची. नागोरावला ती नागूदादा म्हणायची. तिचं घर नागोरावनेच बघून दिलं होतं, त्यामुळे साल त्याला विचारायची गरजही नव्हती. तरी रीत म्हणून तो गेला.

"चौऱ्याण्णव लिहा," वेणूबाई म्हणाली. "रेशनकार्डावर तेच हाय."

"ते रेशनकार्डापुरतं. हे चित्र हाय, वेणू. सरकारी कागद न्हाई."

"चित्रच हाय, तर चौऱ्याण्णव लिहिलं म्हणून काय बिघडायलंय?"

वेणूबाईचं बरोबर होतं आणि ते त्याला तेव्हाही कळलं होतं. पण चित्रावर एकशे एक घरं लिहून झाली होती, प्रत्येकाचं साल खरं होतं, आणि आपल्या हातच्या त्या ओळीत एक खोटा आकडा बसवायचा म्हटलं की त्याला पाटीतला काना वाकडा झाल्यासारखं वाटत होतं. शिवाय उद्या तनया विचारणार होती.

"माझ्या हातानं खोटं कामून लिहू?" तो म्हणाला. "तनयाताईचं म्हणणं हाय, एवढं एक तरी आपलं खरं असावं. आणि बघणार कोण? शिकलेली चार माणसं येतील, बघतील, जातील."

वेणूबाईने पिठाचे हात पदराला पुसले. "तुम्ही म्हणताव म्हणून," ती म्हणाली, आणि लाल रंगात अंगठा बुडवला.

तिने दिला म्हटल्यावर राहिलेल्यांनीही दिला.

मार्चमध्ये कोरेगाव पार्कातल्या एका गॅलरीत तो मांजरपाट लागला. संस्थेने वस्तीतल्या लोकांना आणायला दोन टेम्पो पाठवले. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, वरून दिव्यांचा उजेड सोडलेला तो नकाशा बघून त्या आधी दारातच थबकल्या, आणि मग जी ती आपापलं घर शोधायला लागली. वेणूबाई ज्यांच्याकडे पोळ्या करायची ते जोडपंही आलं होतं. त्यांनी तिला तिच्या अंगठ्याशेजारी उभं करून फोटो काढला. तनयाने नागोरावला पुढे बोलावून घेतलं, माईक हातात दिला आणि 'आमचे सहकलावंत' अशी ओळख करून दिली. नागोराव म्हणाला, "मी पाट्या रंगवायचो. आता फाटकावर असतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, आपण आणखी काहीतरी बोलायला हवं होतं.

नंतर एक जाड पुस्तक निघालं. गुळगुळीत कागद, आत नकाशाचे एकेक भाग मोठे करून छापलेले, सालं आणि अंगठे अगदी स्पष्ट. एका पानावर नागोरावचा फोटो होता आणि खाली, रेकॉर्डरवर तो जे बोलला होता ते मराठीत आणि इंग्रजीत: 'एकशे चौतीस घरांत बसून विचारलं. पारखून घेतलं, मग लिहिलं. एकही साल खोटं नाही.' तुळजाबाईने ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलं.

चार वर्षांनी बिल्डर आला. नाल्याच्या पलीकडे तोवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि खंडेरायनगरच्या जमिनीला भाव आला होता. पुनर्वसनाची योजना, सात मजली इमारती, पात्र कुटुंबाला फुकट घर, उरलेल्या जागेवर विक्रीचे फ्लॅट. जितकी कुटुंबं पात्र तितकी बिल्डरची जागा कमी, हा साधा हिशेब सगळ्यांना कळत होता. पण पोपट म्हणाला, "कागद पक्के आहेत. मुकाट्याने बसा." सर्वेक्षण झालं, कागद जमा झाले. अधिकारी काही फार खोदून बघत नव्हते.

मग यादी लागली आणि सव्वीस घरांवर हरकत आली. त्यात वेणूबाईचं घर होतं.

सुनावणीला नागोरावलाही नोटीस आली. त्याचं स्वतःचं घर पात्र होतं, त्यामुळे कशासाठी बोलावलंय ते त्याला कळेना. तो रजा टाकून गेला. खोलीत एक अधिकारी, बिल्डरचा वकील, आणि बाकांवर ती सव्वीस घरची माणसं. टेबलावर ते पुस्तक पडलेलं होतं. बिल्डरच्या वास्तुविशारदाच्या ऑफिसात ते म्हणे शोभेला ठेवलेलं होतं. तिथे कुणीतरी सहज चाळलं.

वकिलाने पान उघडून पुढे केलं. "हे अक्षर आपलं का?"

"हो."

"इथे वेणूबाईंच्या घरावर एकोणीसशे नव्व्याण्णव लिहिलंय. त्यांचे कागद म्हणतात चौऱ्याण्णव. कोणतं खरं?"

नागोरावने बाकांकडे बघितलं नाही. "साहेब, ते चित्र हाय. सालं आम्ही अंदाजानं घातली होती."

"अंदाजाने?"

"हो. कुणाला नक्की आठवत नव्हतं. जागा भरायची म्हणून कायतरी लिहिलं."

वकिलाने शांतपणे आणखी चार पानं उलटली आणि पुस्तक अधिकाऱ्याकडे सरकवलं. अधिकाऱ्याने आधी फोटो पाहिला, मग नागोरावकडे पाहिलं, आणि मोठ्याने वाचलं, "एकशे चौतीस घरांत बसून विचारलं. पारखून घेतलं, मग लिहिलं. एकही साल खोटं नाही." चष्मा काढून तो म्हणाला, "हे आपणच बोललात ना?"

नागोरावने पानावरच्या आपल्या फोटोकडे बघितलं.

"अहो, मी आपल्याला विचारतोय."

"बोललो होतो," नागोराव म्हणाला.

पुस्तक हा काही पुरावा होत नाही, असं अधिकारी म्हणाला, आणि ते खरंही होतं. पण आता प्रत्येक कागद मुळापासून तपासावा लागेल, असंही तो म्हणाला. तपासले. चौऱ्याण्णवच्या मतदारयादीत सव्वीसपैकी एकाचंही नाव सापडलं नाही. पावत्यांवरचे शिक्के ज्या ऑफिसचे होते ते ऑफिसच नंतर निघालेलं होतं. सव्वीसच्या सव्वीस घरं अपात्र.

खोलीतून बाहेर पडताना पोपट नागोरावच्या बाजूने चालत आला. तो रागावला नव्हता, किंवा तसं दाखवत नव्हता. "पेंटर," तो म्हणाला, "वीस वर्षं खपून मी वस्ती खोट्यावर उभी केली. तू चार महिन्यांत खरं करून दाखवलंस."

रविवारी नागोराव बाणेरला तनयाच्या स्टुडिओत गेला. तिला काहीच माहीत नव्हतं. तो सांगत गेला तसतसा तिचा चेहरा उतरत गेला. चहा तसाच राहिला.

"काका, मी पत्र देते," ती म्हणाली. "ही कलाकृती आहे, दस्तऐवज नाही, असं स्पष्ट लिहून देते. आजच."

"आणि ते कापड? ते कुठं हाय?"

"कापड आता इथे नाहीये. जपानमधल्या एका संग्रहालयाने घेतलं. तुम्हाला कळवलं होतं ना संस्थेने?"

कुणी कळवलं नव्हतं. नागोराव ते कापड घेऊन काय करणार होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. अंगठे पुसणार होता की जाळणार होता.

तनयाने पत्र दिलं. दिलेला शब्द तिने पाळला, सव्वीस घरांनी केलेल्या अपिलाच्या दिवशी स्वतः येऊनही बसली. पण पुस्तकाची प्रस्तावना तिचीच होती. सरकारी नोंदींपेक्षा हा नकाशा अधिक खरा आहे, कारण तो लोकांनी स्वतः सांगितला आहे, असं तिने त्यात लिहिलं होतं, आणि ते वाक्य जाड ठशात छापलं होतं. वकिलाने तेवढंच वाचून दाखवलं. अपील फेटाळलं गेलं.

बाहेर पार्किंगमध्ये तनया रडली. नागोरावला तिच्याजवळ उभं राहणंही जड झालं आणि निघून जाणंही. डोळे पुसून ती म्हणाली, "काका, मला वाटतं आपण परत सगळ्यांनी एकत्र बसायला हवं. जे झालं ते लोकांनी स्वतःच्या शब्दांत सांगावं. मी सगळं रेकॉर्ड करीन. हे असं दबून जाता कामा नये."

"आणि साल कोणतं घालायचं, ताई?" नागोरावने विचारलं.

त्यानंतर दोघांची भेट झाली नाही.

वस्तीत कुणी त्याला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. फक्त लोक त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागले. नळावर तुळजाबाई आली की बाया आपापले हंडे उचलून बाजूला व्हायच्या आणि तिला आधी भरू द्यायच्या, जणू ती परकी पाहुणी आहे. पात्र झालेल्यांनीही तेच केलं, कारण सव्वीस घरांत कुणाचा ना कुणाचा भाऊ होता, मेहुणा होता.

एके दिवशी भाकरी थापता थापता तुळजाबाई म्हणाली, "वेणूचं एक साल खोटं लिहिलं असतं, तर काय तुमचं अक्षर वाकडं झालं असतं?"

नागोरावने ताट पुढे ओढलं.

"मला बोलून दाखवत होतात. ताई असं म्हणाल्या, ताई तसं म्हणाल्या. दोन-दोनदा. मी ऐकून घेत होते." तिने भाकरी तव्यावर टाकली. "मीच तेव्हा म्हणायला पाहिजे होतं."

पावसाळा संपल्यावर जेसीबी आले. पात्र कुटुंबांना पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या मिळाल्या. सव्वीस घरांच्या लोकांनी आपापले पत्रे, वासे, भांडी टेम्पोत भरली. वेणूबाई सामान भरत असताना नागोराव मदतीला गेला. तिने त्याला नको म्हटलं नाही. एका बाजूने कपाट त्याने धरलं, दुसऱ्या बाजूने तिने. टेम्पो मांजरीकडे गेला.

इमारती व्हायला तीन वर्षं लागली. नागोरावला सहाव्या मजल्यावर घर मिळालं. खोली, स्वयंपाकघर, संडास आत, खिडकीतून काचेच्या इमारती दिसायच्या. चाव्यांच्या दिवशी पोपटने हार घालून घेतले. तुळजाबाईने नव्या ओट्यावर दूध उतू घातलं, पण दारात प्रसादाला फारसं कुणी आलं नाही.

महिनाभराने नागोराव मांजरीला गेला. वेणूबाईची ही तिसरी भाड्याची खोली होती. अकरा महिने झाले की मालक उठवायचा. तिथून विमाननगर लांब पडायचं, त्यामुळे सकाळची दोन घरं सुटली होती. मुलीने बारावीनंतर शिक्षण सोडून एका मॉलमध्ये नोकरी धरली होती.

तिने पाणी दिलं, सतरंजी टाकली. नागोरावने आणलेली पेढ्यांची पुडी तिने न उघडता फळीवर ठेवली.

"वेणू," तो म्हणाला, "घर रिकामंच असल्यासारखं हाय. आम्ही दोघंच. तू आणि पोरगी या. तुळजानंही सांगितलंय. मी लिहून देतो पाहिजे तर."

"लिहून नका देऊ," वेणूबाई म्हणाली.

बाहेर कुणीतरी मोटारसायकलला लाथा मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मला राग न्हाई असं माझ्याकडून वदवून घ्यायला आला असाल, तर तसं न्हाई," ती म्हणाली. "राग हाय. तुम्ही खोटं बोलला असतात त्या ऑफिसात, तरी राग गेला नसता. बोललातच की तुम्ही. उशिरा बोललात."

"मला वाटलं होतं..."

"तुम्हाला टाळ्या पाहिजे होत्या, नागूदादा. माझ्या घरावर लिहून घेतल्या तुम्ही." ती उठली आणि पर्स घेतली. "मला कामाला निघायचंय. तिथं उशीर झाला की ती पोरं बाहेरून मागवतात आणि पैसे कापतात."

तिने कुलूप लावलं. दोघं बसस्टॉपपर्यंत न बोलता चालत गेले. तिची बस आधी आली. दारात उभी राहूनच ती मागे वळली आणि म्हणाली, "तुळजावैनीला सांगा, तिच्यावर माझा काही राग न्हाई."

नागोराव घरी आला तेव्हा लिफ्ट बंद होती. सहा मजले चढून तो दारात टेकला. तुळजाबाईने विचारलं, "काय म्हणाली?"

"कामाला गेली," नागोराव म्हणाला.

तुळजाबाईने ताटं वाढली, आणि दोघं जेवायला बसले.